टँकर ‘हो’ म्हणाला, पुढं काय? मल्टी-एजंट सिस्टीम बांधायला शिकणाऱ्यांसाठी

मल्टी-एजंट सिस्टीम, म्हणजे स्वतःचे निर्णय स्वतः घेणारे अनेक प्रोग्राम (एजंट) एकमेकांशी बोलून काम करतात ती व्यवस्था, पुस्तकातून शिकायला घेतली की पहिल्या काही प्रकरणांतच तर्कशास्त्राची चिन्हं, लिलावांची प्रमेयं आणि श्रद्धा-इच्छा-हेतूंची सूत्रं अंगावर येतात. ट्यूटोरियलमधून शिकायला घेतली तर दोन एजंट एकमेकांना ‘हॅलो’ म्हणतात आणि ट्यूटोरियल संपतं. मधे काय करायचं, ते कुणीच सांगत नाही.

हा लेख त्या मधल्या भागासाठी आहे. तुम्ही शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट करत असाल किंवा हिंजवडी-खराडीकडं नुकतेच नोकरीला लागला असाल, असं धरून लिहितोय. पायथन किंवा जावा यांपैकी एक भाषा बऱ्यापैकी यायला हवी, बाकी पूर्वतयारी नको. माझं म्हणणं एवढंच आहे की या विषयातली बहुतेक अडचण एकाच जागी साठलेली असते: एका एजंटानं दुसऱ्याला शब्द दिला आणि त्यानंतर परिस्थिती बदलली. थिअरीतला सगळ्यात कामाचा भाग याच प्रश्नाभोवती आहे आणि कोडमधले सगळ्यात चिवट बगही तिथंच सापडतात.

उदाहरण पुण्याचंच घेऊ. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी पाणी साठवतात आणि त्यावर शहराबरोबर शेतीचाही हक्क आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेच्या हद्दीत आली. हद्द एका अधिसूचनेनं वाढते, जलवाहिनी तशी वाढत नाही. त्यामुळे मार्च उजाडला की कडेच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी टँकरवाल्यांना फोन लावायला लागतात. चार जणांना फोन करायचा, दोघं ‘येतो साहेब’ म्हणतात, कधी दोन्ही टँकर एकदम गेटवर उभे राहतात, कधी एकही येत नाही. प्रत्येक टँकरवाला वेगळा मालक, प्रत्येकाचा खर्च वेगळा, प्रत्येक सोसायटीची टाकी वेगळ्या वेळी रिकामी होते आणि कुणालाच पूर्ण चित्र दिसत नाही. शिकायला याहून चांगला प्रश्न मिळणार नाही.

पायरी १ : एजंट हवेतच का, हे आधी ठरवा

समजा सगळे टँकर एकाच मालकाचे आहेत, सगळ्या सोसायट्यांच्या टाक्यांची पातळी त्याला दिसते आणि तो सांगेल तिकडं ड्रायव्हर जातात. मग हा वाहनांचे मार्ग आखण्याचा जुना, भरपूर अभ्यासलेला प्रश्न आहे. एक प्रोग्राम लिहा, त्याला सगळी माहिती द्या, उत्तर काढा. तिथं एजंट घुसडले तर उत्तर वाईट येईल आणि कोड तिप्पट होईल.

एजंट लागतात ते निर्णय वाटलेला असतो तेव्हा. तपासायची कसोटी सोपी आहे: हा घटक ‘नाही’ म्हणू शकतो का? ऑब्जेक्टची मेथड हाक मारली की चालतेच, तिला मत नसतं. टँकरवाला मात्र ‘आज जमणार नाही’ म्हणू शकतो, आणि का जमणार नाही हे सांगायला तो बांधील नसतो. तोंडी परीक्षेत ‘ऑब्जेक्ट आणि एजंट यांत फरक काय’ हा प्रश्न हमखास येतो. मायकेल वूल्ड्रिज आणि निक जेनिंग्ज यांनी १९९५ मध्ये दिलेली स्वायत्तता, प्रतिसाद, पुढाकार आणि सामाजिक व्यवहार ही चौकडी तिथं खुशाल सांगा. स्वतःच्या डिझाइनसाठी मात्र ही नकाराची कसोटी जास्त कामाला येते, कारण ती लावली की अर्धे ‘एजंट’ साधी फंक्शन निघतात. नकाशावरचं अंतर काढणारा एजंट, बिल बनवणारा एजंट, नोंदी ठेवणारा एजंट: यातलं कुणीच नकार देत नाही. त्यांना साधी फंक्शनच राहू द्या.

आपल्या उदाहरणात दोनच प्रकारचे एजंट उरतात, सोसायटी आणि टँकर. पाणी भरण्याच्या केंद्राला मी एजंट करणार नाही. ती एक रांग आहे आणि रांगेला रांगेसारखंच लिहावं.

पायरी २ : कोडच्या आधी मेसेज

नवखे लोक इथं क्लास लिहायला बसतात. त्याऐवजी कोरा कागद घ्या, डावीकडं सोसायटी, उजवीकडं टँकर लिहा आणि दोघांमधलं संभाषण बाणांनी काढा. हे संभाषण तुम्हाला नव्यानं शोधायचं नाहीये. रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये ‘काँट्रॅक्ट नेट’ नावाचा प्रोटोकॉल मांडला. विखुरलेल्या सेन्सरांमध्ये काम वाटण्याचा प्रश्न त्यांच्यासमोर होता. ज्याला काम करून घ्यायचं आहे तो घोषणा करतो, ज्यांना जमेल ते बोली देतात, त्यातल्या एकाला काम मिळतं. पुढं १९९६ मध्ये फिपा ही संस्था एजंटांमधल्या संवादाची मानकं ठरवायला स्थापन झाली आणि तिनं याच प्रोटोकॉलचं तपशीलवार रूप दिलं: विचारणा, प्रस्ताव किंवा नकार, स्वीकार किंवा अस्वीकार आणि शेवटी ‘झालं’ किंवा ‘जमलं नाही’.

या मानकामागं जॉन ऑस्टिन आणि जॉन सर्ल या तत्त्वज्ञांचा विचार आहे: काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती उच्चारणं हीच कृती असते. ‘मी येतो’ म्हणणं म्हणजे शब्द देणं. म्हणून मेसेजमध्ये मजकूर आणि कृतीचा प्रकार वेगवेगळे ठेवायचे. हा भाग नुसता वाचला तर कोरडा वाटतो. पण कोडमध्ये त्याचा अर्थ इतकाच की प्रत्येक मेसेजला ‘प्रकार’ नावाचं एक खणखणीत फील्ड हवं, मजकूर वाचून प्रकार ओळखायची वेळ येता कामा नये.

मेसेज असा दिसावा:

प्रकार: विचारणा
संभाषण क्रमांक: बाणेर-०७-००४१
मेसेज क्रमांक: १
कोणाकडून: सोसायटी-०७
कोणाला: टँकर-१२
मजकूर: १०,००० लिटर, आज संध्याकाळी ६ च्या आत
उत्तराची मुदत: १०:०२

यातली तीन फील्ड लोक हमखास विसरतात. संभाषण क्रमांक नसेल तर टँकर-१२ नं पाठवलेला ‘हो’ नेमक्या कुठल्या विचारणेला होता ते कळत नाही. मेसेज क्रमांक नसेल तर एकच मेसेज दोनदा आला की दोन टँकर निघतात. आणि मुदत नसेल तर सिस्टीम एखाद्या बंद पडलेल्या एजंटाची वाट बघत बसते. एजंट लिहायच्या जेड या साधनात काँट्रॅक्ट नेटची तयार सोय आहे, तिथं उत्तराची मुदत दिलीच नाही तर प्रतीक्षा अमर्याद धरली जाते. पंधरा टँकरांपैकी एक जरी गप्प राहिला तरी चौदा उत्तरं हातात घेऊन सोसायटी तहानलेली.

पायरी ३ : साधन निवडा, पण त्यावर आठवडा घालवू नका

पहिली आवृत्ती कुठलंही खास साधन न घेता लिहा असं मी सांगेन. एकच प्रोसेस, एक मेसेजची रांग, एक खोटं घड्याळ जे तुम्ही पुढं सरकवता. नेटवर्क नाही, थ्रेड नाहीत. दोन-तीनशे ओळींत होतं. खोट्या घड्याळाचा फायदा असा की आज संध्याकाळी सापडलेला बग उद्या सकाळी तसाच्या तसा पुन्हा घडवता येतो. यादृच्छिक (रँडम) संख्यांचं बीज, म्हणजे सीड, नोंदवून ठेवलं म्हणजे झालं.

त्यानंतर साधनांकडं वळा. जेड हे जावातलं, टेलिकॉम इटालियानं विकसित केलेलं आणि २००० पासून मुक्त स्रोत असलेलं. आता ते जुनं आहे, तरी फिपाचे प्रोटोकॉल समजून घ्यायला अजून उत्तम. पायथनवाल्यांसाठी स्पेड आहे, ते चॅटसाठी बनलेल्या एक्सएमपीपी प्रोटोकॉलवर चालतं. मेसा हेही पायथनमधलंच, पण ते सिम्युलेशनसाठी: हजारो एजंट पायरी-पायरीनं पुढं सरकतात आणि आपण एकूण चित्र बघतो. ‘टँकर वाढले तर भाव किती पडेल’ हा मेसाचा प्रश्न. ‘टँकर-१२ ला मेसेज पोचला का’ हा मेसाचा प्रश्न नव्हे. या दोन्हींची गल्लत करून रिपोर्ट लिहिणारे बरेच असतात.

जेड घेतलंत तर तीन खड्डे आधीच सांगून ठेवतो. एक, एका एजंटाची सगळी वर्तनं (त्याच्या कामाचे वेगवेगळे तुकडे) एकाच थ्रेडवर आळीपाळीनं चालतात. त्यातल्या एकात स्लीप लिहिलंत की अख्खा एजंट झोपतो. वेळेनं काही करायचं असेल तर त्यासाठी असलेलं टिकर किंवा वेकर वर्तन वापरा. दोन, सतत चालणाऱ्या वर्तनात मेसेज आलाय का ते तपासलं आणि नसेल तेव्हा ब्लॉक, म्हणजे ‘मेसेज येईपर्यंत थांब’, म्हटलं नाही, तर लॅपटॉपचा पंखा गरगरायला लागतो आणि कारण कळत नाही. तीन, मेसेज उचलताना टेम्प्लेट, म्हणजे कुठले मेसेज घ्यायचे त्याची चाळणी, लावलं नाही तर एका वर्तनाचा मेसेज दुसरंच वर्तन गिळून टाकतं. हा तिसरा बग शोधायला सगळ्यात अवघड, कारण लॉगमध्ये मेसेज ‘मिळाला’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं.

पायरी ४ : बोली दिली म्हणजे नक्की काय दिलं?

आता मुख्य भाग, इथं घाई नको.

टँकर-१२ कडं एकच गाडी आहे. सकाळी दहाला त्याला बाणेरच्या आणि उंड्रीच्या सोसायटीची विचारणा जवळपास एकाच वेळी येते. त्यानं काय करावं? दोघांना बोली द्यावी आणि दोघांनीही स्वीकारली तर? की एकाला बोली देऊन दुसऱ्याला नकार द्यावा, आणि पहिल्यानं दुसराच टँकर निवडला तर दिवस रिकामा घालवावा? आपल्याकडच्या भाषेत, बोली म्हणजे कांदेपोहे की साखरपुडा, एवढाच प्रश्न आहे. पुस्तकातल्या आकृतीत एकच सोसायटी असते म्हणून हा प्रश्न तिथं उठत नाही. दोन सोसायट्या आल्या की पहिल्याच दिवशी उठतो. संशोधनात याला ‘उतावळ्या बोलीदाराचा प्रश्न’ अशा अर्थाचं नाव आहे आणि त्यावर निबंध आहेत. म्हणजे तो फक्त तुमच्या कोडचा दोष नाही.

उत्तरं तीन आहेत, तिन्ही लिहून बघा.

पहिलं, बोली देताच गाडी राखून ठेवायची. सुरक्षित, पण गाड्या विनाकारण अडकतात. राखीव ठेवण्याला मुदत घातली की बराच फरक पडतो. मात्र मुदतींचा हिशोब जुळला पाहिजे: सोसायटी १०:०२ ला बोली बंद करणार असेल आणि मेसेज पोचायला अर्धं मिनिट लागत असेल, तर गाडी १०:०२ पर्यंत राखून काही उपयोग नाही. १०:०३ पर्यंत तरी राखली पाहिजे. हा एका मिनिटाचा फरक लिहायला विसरलात की सिस्टीम ऐंशी टक्के वेळा बरोबर चालते, आणि असा बग कायम बंद असलेल्या सिस्टीमपेक्षा जास्त छळतो.

दुसरं, बोली मोकळी ठेवायची आणि स्वीकार आल्यावरच गाडी पक्की करायची. मग दुसऱ्या सोसायटीला ‘जमलं नाही’ कळवावं लागतं आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून विचारणा करायची. टँकर मुबलक असतील तर चालतं. एप्रिल-मे मध्ये चालत नाही.

तिसरं जास्त रंजक आहे. टुमास सँडहोम आणि व्हिक्टर लेसर यांनी १९९६ मध्ये असे करार मांडले, ज्यात दिलेला शब्द मोडायची मुभा असते, पण मोडणाऱ्यानं आधी ठरलेला दंड द्यायचा. शब्द पाळणं किंवा न पाळणं एवढे दोनच पर्याय न राहता शब्दालाही किंमत लागते. टँकर-१२ ला जवळच्या हॉस्पिटलकडून तातडीची आणि दुप्पट पैशांची मागणी आली, तर तो दंड भरून आपली सोसायटी सोडू शकतो. सोसायटीला दंडाचे पैसे मिळतात आणि मोडल्याची बातमी वेळेवर कळते. कोडमध्ये हे अगदी थोडं आहे: करारात ‘मोडल्यास दंड’ हे एक फील्ड आणि ‘मोडतोय’ हा एक जादा मेसेज. पण त्यातून काय घडतं ते बघण्यासारखं असतं. दंड फार कमी ठेवला की सगळे सगळ्यांना सोडून जातात, फार जास्त ठेवला की कुणी बोलीच देत नाही. मधला आकडा तुमच्या सिम्युलेशनमधून काढा. प्रोजेक्टच्या रिपोर्टमधलं एक सबंध प्रकरण इथं तयार होतं.

तिन्हींपैकी काहीही निवडलंत तरी प्रत्येक कराराची अवस्था एका जागी लिहून ठेवा: विचारलं, राखीव, पक्कं, निघाला, पोचला, मोडलं, रद्द. कुठून कुठं जाता येतं ते आधी ठरवा. ‘राखीव’वरून थेट ‘निघाला’वर उडी मारायचा प्रयत्न झाला तर प्रोग्रामनं आरडाओरडा करून थांबलं पाहिजे. गुपचूप पुढं जाणारा प्रोग्राम नको.

भावाबद्दल थोडंसं. थिअरीत विल्यम विक्रींचा १९६१ चा प्रसिद्ध लिलाव भेटतो. आपल्या उलट्या लिलावात त्याचा अर्थ असा: सगळ्यात कमी बोलीवाल्याला काम द्यायचं, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके द्यायचे. असं केलं की खरा खर्च सांगणं हेच प्रत्येकाच्या फायद्याचं ठरतं, आणि ते सिद्ध करता येतं. आता हे तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडून बघा: नऊशेची बोली असताना अकराशे का दिले? विनोद सोडला तरी अडचण खरी आहे. दुसरी बोली किती होती हे फक्त लिलाव घेणाऱ्याला माहीत असतं, आणि आपल्याकडं लिलाव घेणारी सोसायटीच आहे, तिनं आकडा कमी करून सांगितला तर टँकरवाल्याला कळायचा मार्ग नाही. शिवाय टँकरवाले एकमेकांना ओळखतात. प्रमेय चुकीचं नाही, त्याची गृहीतकं इथं लागू होत नाहीत. पहिल्या आवृत्तीत सर्वात कमी बोली आणि तेवढेच पैसे, यावर थांबा.

पायरी ५ : मुद्दाम मोडा

सगळं नीट चालायला लागलं की आता रांगेत एक खोडसाळ थर घाला. तो दर दहा मेसेजांतला सरासरी एक गिळतो, काही उशिरा देतो, काही दोनदा देतो.

आकडा करून बघा. विचारणा, प्रस्ताव, स्वीकार आणि ‘झालं’ असे चार मेसेज सलग पोचले तर व्यवहार पूर्ण. प्रत्येक मेसेज पोचायची शक्यता ०.९ असेल तर चारही पोचायची शक्यता ०.९ चा चौथा घात, म्हणजे जवळपास ०.६६. शंभरातले चौतीस व्यवहार कुठंतरी लटकणार. म्हणजे उत्तर आलं नाही तर मेसेज परत पाठवायला हवा, आणि परत आलेला मेसेज ओळखायला मेसेज क्रमांक हवा. दुसऱ्या पायरीतलं ते फील्ड इथं वसूल होतं.

आता खरा पेच. सोसायटीनं ‘स्वीकार’ पाठवला, पोच आली नाही. स्वीकार पोचला नाही की पोच हरवली? परत पाठवा, पोचेची पोच मागा, तिचीही पोच मागा: कितीही फेऱ्या केल्या तरी दोघांनाही एकाच वेळी खात्री होत नाही. संगणकशास्त्रात हा ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणून ओळखला जातो, आणि मेसेज हरवू शकणाऱ्या मार्गावर तो सुटत नाही हे सिद्ध झालेलं आहे. मला थिअरीचा सगळ्यात व्यावहारिक उपयोग इथं दिसतो. पूर्ण खात्री देणारा प्रोटोकॉल शोधण्यात जाणारा सबंध महिना ती वाचवते. मग प्रश्न बदलतो: संशय उरणारच आहे तर तो कुणाच्या अंगावर टाकायचा? सोसायटीच्या अंगावर टाकला तर टाकी कोरडी पडेल. टँकरच्या अंगावर टाकला तर एक फेरी फुकट जाईल. मी दुसरं निवडेन. शंका असेल तर टँकरनं निघावं आणि त्या फुकट फेरीचा मोबदला करारात आधीच लिहिलेला असावा. हा निर्णय कुठल्याही लायब्ररीत तयार मिळत नाही.

याच पायरीत एखादा टँकर ‘निघाला’ सांगितल्यावर कायमचा बंद पाडा. सिंहगड रस्त्यावर अडकला म्हणा. सोसायटीला ते कसं कळणार? अडकलेला आणि उशीर झालेला यांतला फरक बाहेरून दिसत नाही. म्हणून टँकरनं ठरावीक वेळानं ‘येतोय’ कळवत राहायचं आणि तीन वेळा कळवलं नाही तर सोसायटीनं नवी विचारणा काढायची. मग कधीतरी दोन टँकर येतील. येऊ देत, मोजा ते किती वेळा येतात.

पायरी ६ : शब्द कधी सोडायचा

आता श्रद्धा-इच्छा-हेतूंचं ते प्रकरण उघडा: एजंटाला काय खरं वाटतं, काय हवं आहे आणि त्यानं काय करायचं ठरवलंय. ही मांडणी तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन यांच्या विचारांवर उभी आहे. आनंद राव आणि मायकेल जॉर्जेफ यांनी ती एजंटांसाठी तर्कशास्त्रात बसवली आणि १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले. सूत्रं बाजूला ठेवून ते टँकरची वाट बघणाऱ्या सोसायटीला लावा.

आंधळी बांधिलकी: टँकर आला असं कळेपर्यंत वाट बघायची. तो बंद पडला असला तरी. एकनिष्ठ बांधिलकी: येणं शक्य आहे असं वाटतंय तोवर वाट बघायची, अशक्य वाटलं की सोडायचं. मोकळ्या मनाची बांधिलकी: शक्य आहे आणि अजून हवंही आहे, तोवरच. दुपारी चारला महापालिकेचं पाणी अचानक आलं तर तिसऱ्या प्रकारची सोसायटी टँकर रद्द करते, पहिल्या दोन प्रकारच्या भरलेल्या टाकीवर आणखी दहा हजार लिटर मागवून बसतात. आणि तिसरीनं रद्द केलं की टँकरचं नुकसान, म्हणजे पुन्हा चौथ्या पायरीतला दंड. पुस्तकात ही दोन प्रकरणं लांब लांब असतात, आपल्या कोडमध्ये ती एकाच फंक्शनमध्ये भेटतात.

किती वेळा फेरविचार करायचा, याचंही उत्तर उपलब्ध आहे. डेव्हिड किनी आणि जॉर्जेफ यांनी १९९१ मध्येच एका छोट्या कृत्रिम जगात प्रयोग केले. योजना पूर्ण होईपर्यंत फेरविचार न करणारे धाडसी एजंट एकीकडं, प्रत्येक पावलाला थांबून विचार करणारे सावध एजंट दुसरीकडं. जग सावकाश बदलत असेल तर धाडसी बरे ठरतात, झपाट्यानं बदलत असेल तर सावध. तुमच्या सिम्युलेशनमध्ये नळाच्या पाण्याची अनिश्चितता कमी-जास्त करा आणि हाच आलेख स्वतः काढून बघा. जमलं तर त्यानंतर जेसन हे साधन वापरून हाच सोसायटी-एजंट पुन्हा लिहा. ते राव यांच्या एजंटस्पीक भाषेवर बेतलेलं आहे. डेटा पाठवायच्या जेसॉनशी त्याचा संबंध नाही.

पायरी ७ : मोजा, आणि शेजारी साधा प्रोग्राम ठेवा

चार आकडे पुरेत: किती टाक्या कोरड्या पडल्या, सरासरी प्रतीक्षा किती, किती शब्द मोडले, एकूण मेसेज किती. शेवटचा आकडा लोक मोजत नाहीत. एका सोसायटीनं पंधरा टँकरांना विचारलं, पंधरा बोली आल्या, पंधरांना होकार-नकार कळवला आणि एक ‘झालं’ आलं, तर सेहेचाळीस मेसेज. वीस सोसायट्यांचे नऊशे वीस, आणि हे काहीच हरवलं नाही तर. जवळच्या पाचच टँकरांना विचारायचं ठरवलं की आकडा एकदम उतरतो, बोलीचा भाव थोडा चढतो. किती चढतो ते दाखवा.

तुलनेला सगळं दिसणारा एक केंद्रीय प्रोग्राम लिहा, जो सर्वात निकडीच्या सोसायटीला सर्वात जवळचा रिकामा टँकर देतो. वीस ओळींचं काम. तो बहुतेक वेळा तुमच्या एजंटांपेक्षा चांगलं उत्तर देईल, त्यात वाईट वाटून घेऊ नका. त्याला सगळ्यांचा खरा खर्च आणि खरी पातळी माहीत आहे, जी प्रत्यक्षात कुणी देणार नाही. दोन्हींतलं अंतर म्हणजे माहिती खासगी ठेवण्याची किंमत, आणि परीक्षकाला दाखवायचा आकडा तोच.

पायरी ८ : भाषा-मॉडेलचे एजंट आणायचे असतील तर

आता बहुतेकांना ‘एजंट’ म्हटलं की हेच सुचतं. असे एजंट बांधायचं मायक्रोसॉफ्टचं ऑटोजेन हे साधन २०२३ मध्ये आलं, मग लँगग्राफ, क्रू-एआय वगैरे. अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेलला साधनं जोडायचा एमसीपी हा प्रोटोकॉल जाहीर केला, गूगलनं एप्रिल २०२५ मध्ये एजंट-ते-एजंट संवादासाठी ए-टू-ए. या ए-टू-ए मध्ये कामाच्या अवस्था बघा: सादर झालं, चालू आहे, माहिती हवी आहे, पूर्ण, रद्द, अयशस्वी. एजंट काय करू शकतो ते सांगणारं कार्डही त्यात आहे. फिपाची ‘कोण काय करतो’ची डिरेक्टरी ज्यानं वापरली आहे त्याला हे ओळखीचं वाटेल.

जुन्या पायऱ्या इथं अधिकच लागतात. मॉडेल गोड भाषेत ‘हो, तुमचा टँकर पक्का केला आहे’ असं लिहितं, आणि बुकिंगचं फंक्शन त्यानं बोलावलेलंच नसतं. मॉडेलचं वाक्य म्हणजे करार नव्हे. कराराच्या अवस्थांची ती नोंद कोडच्या ताब्यात ठेवा, मॉडेलला फक्त ठरलेल्या प्रकारचे मेसेज पाठवायची परवानगी द्या आणि ग्राहकाला दाखवायचं ‘पक्कं’ हे नोंदीतून काढा, मॉडेलच्या मजकुरातून नाही. मॉडेल उपयोगी कुठं? सेक्रेटरीच्या ‘अहो, उद्या लग्न आहे क्लब हाउसला, जरा लवकर बघा ना’ या मेसेजमधून लिटर, वेळ आणि निकड काढायला. बोली किती द्यायची, शब्द मोडायचा की नाही, दंड किती, हे साध्या नियमांनी ठरू द्या. निदान पहिल्या आवृत्तीत.

आणि पाचव्या पायरीतला तो खोडसाळ थर काढून टाकू नका. मॉडेल जोडल्यावर तो पुन्हा चालू करा, टँकर-१२ ला अर्ध्या वाटेत बंद पाडा आणि सोसायटीच्या एजंटाला विचारा, ‘टँकर कुठं आहे?’ नोंदीत ‘शेवटचा निरोप ४:१० ला, त्यानंतर काही नाही’ असं असताना तो ‘पाच मिनिटांत पोचतोय’ म्हणाला, तर तो प्रॉम्प्ट अजून कुणाला दाखवायच्या लायकीचा झालेला नाही.